कापसाचें सोनें आणि कर्जाचे कागद

श्रीमंती आणि गरिबी ह्या दोन्ही गोष्टी समाजाइतक्याच जुन्या आहेत. राजवाडा आणि झोंपडी, जहागीर आणि वेठबिगार, ह्यांचीं उदाहरणें कोणत्याहि युगांत सांपडतील. परंतु आधुनिक काळांतील विषमतेचा विशेष असा कीं, ती बहुधा तलवारीच्या जोरावर किंवा जन्मसिद्ध हक्कावर उभी राहत नाहीं. भाव, पत आणि करार ह्या तीन गोष्टींतून ती निर्माण होते, आणि ह्या तिहींपुढें दिसावयास सर्व माणसें सारखींच असतात. बाजारभाव सर्वांना एक, करारावर सही किंवा अंगठा उभय पक्षांचा, आणि कायदा सर्वांना समान! असें असतांहि थोड्याच वर्षांत संपत्ति मूठभर हातांत जमा होते आणि तोट्याचा भार असंख्य माथ्यांवर बसतो, हें कसें घडतें? केवळ तत्त्वचर्चेनें ह्या प्रश्नाचा उलगडा होण्यासारखा नाहीं. मुंबई इलाख्यांत १८६१ ते १८७९ ह्या अवघ्या अठरा वर्षांत जें घडलें तें बारकाईनें पाहिलें, तर मात्र पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात.

ह्या हकीकतीचा आरंभ अमेरिकेंत झाला. एप्रिल १८६१ मध्यें तेथील उत्तर आणि दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील संस्थानें गुलामांच्या श्रमांवर कापूस पिकवीत, आणि इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या मुख्यतः त्याच कापसावर चालत. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं आणि हा पुरवठा तुटला. तेव्हां गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. ज्या आंखूड धाग्याच्या ‘सुरती’ कापसाला लिव्हरपूलच्या बाजारांत पूर्वीं दुय्यम मानीत, त्याचीच किंमत दोन-तीन वर्षांत तिपटी-चौपटीनें चढली. हा सारा माल ज्या दारांतून बाहेर पडे तें दार म्हणजे मुंबई बंदर होय.

मुंबईंत त्या चार-पांच वर्षांत नेहमींच्या उत्पन्नाव्यतिरिक्त सुमारें सात ते आठ कोटि पौंड आले, असा अंदाज करण्यांत आला आहे. लोकांनीं गाद्या-उशा उसवून त्यांतील कापूस बाजारांत आणला, असेंहि त्या काळच्या वर्णनांत सांगितलेलें आढळतें. आलेला पैसा कोठें गुंतवावा हा प्रश्न उभा राहतांच कंपन्यांचें पेव फुटलें. जानेवारी १८६५ मध्यें मुंबईंत ३१ बँका, १६ पतपेढ्या आणि ८ जमीन कंपन्या होत्या. विमा, जहाजें आणि कापूस दाबण्याचे कारखाने ह्यांच्या कंपन्या वेगळ्याच. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठीं निघालेल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग एके काळीं ५०,००० रुपयांच्या घरांत गेला. समुद्र अजून जागचा हलला नव्हता, तोंच त्यावरील जमिनीची किंमत दसपट झाली होती!

ह्या साऱ्या उलाढालींचा सूत्रधार म्हणजे प्रेमचंद रायचंद. १८३१ सालीं जन्मलेला हा कापसाचा दलाल तिशीच्या सुमारास मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा झाला. त्याच्या एका चिठीवर बँका कर्ज देत. व्यापारी, वकील, सरकारी अधिकारी, इतकेंच काय पण सामान्य कारकून देखील भाग मिळावेत म्हणून त्याच्या घराच्या पायऱ्या झिजवीत. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या कारकीर्दींत जुन्या कोटाच्या भिंती पाडण्यांत आल्या आणि नव्या भव्य शहराची आंखणी सुरू झाली.

एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेंतील युद्ध संपलें. ती वार्ता येतांच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांचा निकाल लावण्याचा दिवस होता, आणि त्या दिवशीं मुंबईच्या व्यापाऱ्यांना एकमेकांचें देणें चुकतें करतां येईना. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. सरकारचा ज्या संस्थेशीं निकट संबंध होता ती बँक ऑफ बाँबे देखील सांवरली नाहीं. १८६८ सालीं ती गुंडाळावी लागली आणि तिच्या कारभाराची चौकशी करण्यासाठीं एक कमिशन बसलें. ज्या कारकुनांनीं बायकोचे दागिने मोडून भाग घेतले होते, त्यांच्या हातीं कागदाचे तुकडे तेवढे उरले.

येथवरची हकीकत सट्टेबाजीवरील एक बोधकथा म्हणून पुष्कळदां सांगितली जाते. परंतु तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. दिवाळें निघालेल्या व्यापाऱ्याला कायद्यानें वाऱ्यावर सोडलें नाहीं. मुंबई शहरासाठीं दिवाळखोरीचा कायदा १८४८ पासूनच अस्तित्वांत होता. शिवाय १८६५ सालच्या संकटासाठीं त्याच वर्षीं एक खास कायदा करण्यांत आला. ऋणकोनें आपली मालमत्ता स्वाधीन करावी, धनकोंनीं तींतून मिळेल तें वांटून घ्यावें आणि उरलेल्या देण्याचा कायमचा निकाल लागावा, हें अशा कायद्यांचें धोरण असतें. तें न्याय्यहि आहे, कारण जन्मभर जुन्या देण्याखालीं दडपलेला माणूस कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. ह्या धोरणामुळें मुंबईचा व्यापार पुन्हा उभा राहिला. प्रेमचंद स्वतः बुडाला, तरी पुन्हा व्यापारांत शिरला आणि १९०६ पर्यंत जगला. भरभराटीच्या दिवसांत त्यानें विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठीं दोन लाख रुपये दिले होते, आणि आपल्या आईचें नांव मनोऱ्याला द्यावें म्हणून आणखी दोन लाख. तो राजाबाई मनोरा १८६९ ते १८७८ ह्या काळांत बांधून पुरा झाला. कापूस-व्यापारांतून जमलेलें भांडवल आणि अनुभव ह्यांच्या बळावर १८७० नंतर शहरांत कापडाच्या गिरण्या झपाट्यानें वाढल्या. तात्पर्य, लाट ओसरली. पण ओसरतांना शहराच्या पदरांत कांहीं टाकून गेली.

आतां घाट चढून देशावर यावें. वऱ्हाड, खानदेश आणि धारवाड हा खरा कापसाचा मुलूख. तेजीच्या वर्षांत तेथील शेतकऱ्यांना बराच पैसा मिळाला, आणि कोणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या अशा गोष्टी लोकांच्या तोंडीं राहिल्या. पुणें व नगर हे जिल्हे मुख्यतः ज्वारी-बाजरीचे. तरीहि लाट तेथें पोहोंचलीच. धान्याचे भाव चढले. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली आणि रेल्वेच्या व बांधकामांच्या निमित्तानें मजुरी व गाडीभाडें वाढलें. जमिनीला किंमत आली. आणि जमिनीला किंमत आली म्हणजे शेतकऱ्याला पत आली. अडत्याकडून सावकाराला आणि सावकाराकडून कुळाला, असा पैसा सैल हातानें खालीं उतरूं लागला.

ही पत कशावर उभी होती हें नीट समजून घेतलें पाहिजे. पेशवाईंत सावकार नव्हते असें नाहीं, गांवोगांव होते. परंतु कर्ज वसूल करावयाचें तर सावकाराला पाटील, पंचायत आणि गांवकरी ह्यांची मर्जी सांभाळावी लागे. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळीं वसूल करूं नये, हा दामदुपटीचा दंडक शास्त्रानें आणि रूढीनेंहि मान्य केला होता. इंग्रजी अमलांत रयतवारी पद्धति आली. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं तीस वर्षांच्या मुदतीची नवी जमाबंदी सुरू केली. तींत शेतकरी आपल्या शेताचा कायदेशीर खातेदार ठरला, आणि तें शेत त्याला गहाण टाकतां येऊं लागलें व विकतां येऊं लागलें. हक्क म्हणून ही गोष्ट मोठी होती. परंतु सरकारी सारा ठरल्या हप्त्यानें आणि रोखीनें भरावयाचा. पाऊस येवो न येवो, हप्त्याची तारीख चुकत नसे. ज्याच्याजवळ रोकड नाहीं त्यानें ती सावकाराकडून आणावयाची आणि तारण म्हणून तेंच नवें हक्काचें शेत लिहून द्यावयाचें, असा क्रम पडला.

त्यांत १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला. साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांची ठरली. जुनीं, खोटीं देणीं पिढ्यान् पिढ्या उकरून काढलीं जाऊं नयेत, हा त्या कायद्याचा हेतु; म्हणजे तो ऋणकोच्या हिताचाच होता. प्रत्यक्षांत झालें तें नेमकें उलट. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळाला बोलावी आणि मुद्दल व थकलेलें व्याज एकत्र करून नवें खत लिहून घेई. जुनें व्याज नव्या खतांत मुद्दल म्हणून बसे. समजा, एखाद्या कुळानें दरमहा शेंकडा दोन व्याजानें १०० रुपये काढले आणि मध्यंतरीं कांहीं फेडूं शकलें नाहीं. तीन वर्षांनीं नवें खत १७२ रुपयांचें होई, सहा वर्षांनीं सुमारें २९६ रुपयांचें आणि नऊ वर्षांनीं जवळजवळ ५०९ रुपयांचें. दामदुपटीच्या जुन्या दंडकाप्रमाणें जें देणें २०० रुपयांवर थांबावयाचें, तें कायद्याच्या आश्रयानें अडीचपट झालें. आणि कोठेंहि कायदा मोडला गेला नाहीं! खत लिहिणारा सावकार, वाचणारा सावकार, जमाखर्च ठेवणाराहि सावकार. कुळाकडून अंगठा तेवढा हवा असे. मुन्सफाच्या कोर्टांत दावा गेला म्हणजे कोर्ट कागद पाही, आणि कागद निर्दोष असे. पुष्कळ कुळें कोर्टांत हजरच होत नसत, आणि हुकूमनामे एकतर्फी होत.

भाव चढते होते तोंवर हें दुखणें झांकलेलें राहिलें. १८६५ नंतर तें उघडें पडलें. पुढच्या कांहीं वर्षांत शेतमालाच्या किंमती उतरत गेल्या आणि रेल्वेचीं कामें आटोपल्यानें मजुरीहि घटली. ज्यांनीं सैल हातानें पैसा दिला होता तेच आतां हात आंखडूं लागले आणि जुनी बाकी मागूं लागले. नेमकी ह्याच वेळीं जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपली. तेजीच्या वर्षांतील भाव डोळ्यांपुढें ठेवून १८६७ मध्यें इंदापुरापासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा पन्नास टक्क्यांपासून कांहीं ठिकाणीं दुपटीपर्यंत वाढला. म्हणजे तेजीचा हिशेब मंदीच्या वर्षांत वसूल होऊं लागला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ह्या वाढीची चौकशी करून १८७३ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. परंतु त्यानें वसुली थांबली नाहीं.

पुढें नेमलेल्या कमिशनला पाहणींत असें आढळून आलें कीं, सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकीं सुमारें एकतृतीयांश कर्जांत रुतलेले होते. त्यांचें देणें सरासरीनें त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या अठरा पट होतें, आणि त्या देण्यापैकीं जवळजवळ दोनतृतीयांश जमिनीच्या गहाणावर होतें. पुष्कळ ठिकाणीं शेत सावकाराच्या नांवावर चढलें आणि जुना मालक तेंच शेत त्याचें कूळ म्हणून कसूं लागला. देणें न फिटल्यास ऋणकोला दिवाणी तुरुंगांत टाकतां येई. त्या भयानें घरचें माणूस कसल्याहि खतावर अंगठा उठवी.

१८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं कालूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख ह्यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांच्या घरापर्यंत हात घातला. देशमुख हे गांवांतील वजनदार गृहस्थ. त्यांनीं गांव एक केलें आणि सावकारावर बहिष्कार पडला. न्हावी त्याची हजामत करीना, परीट कपडे धुईना, पाणक्या पाणी भरीना. अखेर त्याला गांव सोडावें लागलें. हें लोण आसपासच्या गांवांत पसरलें. पुढें १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, भीमथडी तालुक्यांतील सुपें ह्या पेठेच्या गांवीं भोंवतालच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. धान्य लुटलें गेलें, कांहीं घरांना आगी लागल्या. पुढील आठवड्यांत पुणें व नगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवीं असे प्रकार झाले.

ह्या दंग्यांचा एक विशेष त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्याहि नजरेंतून सुटला नाहीं. जमावाला मुख्यतः हवीं होतीं तीं खतें, वह्या आणि हुकूमनामे. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें हवालीं केले, तेथें बहुधा पुढें कांहीं झालें नाहीं. कागद चव्हाट्यावर जाळून लोक घरोघर गेले. शारीरिक हिंसा त्या मानानें थोडी झाली. हल्ल्याचा रोख बहुतेक ठिकाणीं बाहेरून आलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर होता, आणि स्थानिक सावकार पुष्कळसे बचावले. ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. परका माणूस दोषी ठरविण्यास सोपा असतो. तो ज्या यंत्राचा एक दांता असतो तें यंत्र मात्र दृष्टीआड राहतें. सरकारनें लष्कर बोलाविलें, ९५१ माणसांना अटक केली आणि चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्या कमिशननें सावकारी व्यवहारावर व दिवाणी कायद्यावर बोट ठेवलें. सरकारी साऱ्याची वाढ हें दंग्याचें मुख्य कारण मानण्यास तें तयार झालें नाहीं.

आतां मुंबईचें आणि सुप्याचें दिवाळें शेजारीं ठेवून पाहावें. दोहोंचें मूळ एकाच भावाच्या चढउतारांत होतें. दोन्ही ठिकाणीं लोकांनीं तेजी टिकेल असें मानून कर्ज काढलें आणि दोन्ही ठिकाणीं अंदाज चुकला. बॅक बेचे भाग दसपट किंमतीनें घेणारा व्यापारी हा बैलजोडीसाठीं किंवा सारा भरण्यासाठीं कर्ज काढणाऱ्या कुणब्यापेक्षां अधिक शहाणा किंवा अधिक काटकसरी होता, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु व्यापाऱ्याच्या चुकीचा हिशेब कांहीं वर्षांत मिटविण्याची सोय कायद्यानें केली; कुणब्याची चूक दर तीन वर्षांनीं नव्या खतावर वाढवून लिहिण्याची सोयहि कायद्यानेंच केली. मुंबई शहराला १८४८ मध्यें मिळालेला दिवाळखोरीचा कायदा मुफसल भागाला स्वतंत्रपणें मिळावयास १९०७ साल उजाडावें लागलें. संपत्ति एका बाजूस कां साचते ह्याचें एक मोठें कारण येथें दिसतें. नफा मिळविण्याची संधि थोड्याफार फरकानें पुष्कळांना मिळते. तोट्यांतून मोकळें होण्याची संधि मात्र फार थोड्यांना मिळते. ज्याला पुन्हा आरंभ करतां येतो त्याच्याकडे संपत्ति परत येते. ज्याला तो करतां येत नाहीं त्याच्याजवळ असलेली देखील निघून जाते.

दंग्यांनंतर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला, आणि १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके ह्यांचें बंड झालें. त्याच वर्षीं पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर ह्या चार जिल्ह्यांसाठीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. कर्जासाठीं शेतकऱ्याला कैद करणें बंद झालें. स्पष्टपणें गहाण न टाकलेली जमीन साध्या देण्यासाठीं विकतां येईना. दाव्याची मुदत वाढवून वारंवार खत बदलण्याचें निमित्त काढून घेतलें. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोर्टानें केवळ कागद पाहून निकाल न देतां त्या कागदामागील सारा व्यवहार अगदीं आरंभापासून तपासावा, मुद्दल किती व व्याज किती हें स्वतः ठरवावें, असें बंधन घातलें.

ह्या कायद्यानें सारें दुखणें बरें झालें असें मात्र नाहीं. गहाणाऐवजीं खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ति सावकारांनीं काढली, आणि पुष्कळांनीं कर्ज देणेंच आंखडतें घेतलें. पैशाची गरज तर संपली नव्हती. म्हणून न्यायमूर्ति रानडे आणि सर विल्यम वेडरबर्न ह्यांनीं शेतकी पेढ्यांची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारनें ती उचलून धरली, परंतु विलायतेंतील स्टेट सेक्रेटरींनीं ती नामंजूर केली. महात्मा फुले ह्यांनीं १८८३ मध्यें ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला तो ह्याच काळांत. सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हावयास १९०४ पर्यंत वाट पाहावी लागली.

ही सारी गोष्ट दीडशें वर्षांपूर्वींची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. २००८ सालीं अमेरिकेंत घरांच्या किंमती कोसळल्या, तेव्हांहि लोकांनीं चढत्या भावावर विसंबून कर्जें काढलीं होतीं आणि बँकांनीं तीं सैल हातानें दिलीं होतीं. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत बँका व वित्तसंस्था सांवरण्यासाठीं अमेरिकन सरकारनें ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद केली. त्याच काळांत लाखों कुटुंबांचीं घरें मात्र जप्तींत गेलीं. स्थळ, काळ आणि माणसें सर्वस्वीं भिन्न. परंतु तोटा कोणाच्या माथ्यावर ठेवावयाचा ह्याचा निर्णय तेथेंहि निवळ बाजारानें केला नाहीं, तो कायदेमंडळांत आणि कोर्टांत झाला.

म्हणून विषमतेचा विचार करतांना श्रीमंतांजवळ किती आहे हें मोजणें आवश्यक असलें, तरी तेवढें पुरेसें नाहीं. एखाद्या समाजांत बुडालेल्या माणसाला वर येण्याची वाट आहे कीं नाहीं, आणि ती कोणाकोणाला खुली आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. १८७९ च्या कायद्यांत अनेक उणीवा राहिल्या. परंतु कागद निर्दोष आहे एवढ्यावर संतुष्ट न राहतां त्यामागील व्यवहार न्याय्य आहे कीं नाहीं हें तपासण्याचें कर्तव्य त्यानें न्यायाधीशावर सोंपविलें. सुप्याच्या बाजारांत ज्यांनीं खतें जाळलीं, त्यांना तरी ह्यापेक्षां अधिक काय हवें होतें?